उतरताना

या आठवड्यात वीज रात्री साडेनऊला येते,
पहाटे साडेपाचला जाते.
त्यामुळे माझी भट्टी घुबडाच्या वेळा पाळते.
रोहण्यात लोक विचारतात, रातभर काय वितळवता?
वितळवणं सोपं आहे.
मी रातभर उतरवते.

कल्पना नेवारे पिठाच्या डब्यात बांगड्या घेऊन आली,
प्रत्येक बांगडी दोन ठिकाणी कापलेली.
मी काही विचारलं नाही, पण चेहरा तसा झाला असणार.
"हाये न बाप्पा, घरी बसली हाये माय.
वातानं मनगटं सुजले,
तेल लावलं, साबण लावला, निघेचनात."
आता त्या तिला हव्या होत्या
स्वयंपाकघराच्या खिडकीत,
काचेत काच, कायमच्या.

बसणार नाहीत, म्हटलं.
तापल्यावर बांगडी जास्त पसरते, तावदान कमी.
वितळून एक झाल्यासारख्या दिसतात दोघी,
गार होताना एक जास्त आखडते.
इथे कुणीतरी हटकून म्हणतं: नवरा-बायकोसारखं.
नाही हो.
माणूस उठून माहेरी जातो.
काच जागच्या जागी तडकते.

तरी एक तुकडा लावून पाहिला.
फळीला पांढऱ्या मातीचे चार हात, एक वाळल्यावर दुसरा.
पतपेढीतला नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला,
जी बाजू दुधाळ दिसते ती कथिलाची, ती खाली.
स्पिरिटनं पुसलं, मग परत पुसलं,
कारण बोटाचा ठसा आठशे अंशांतूनही वाचतो
आणि सकाळी सायीसारखा वर धरतो.
सहाशे साठवर पाऊण तास थांबले,
मधल्या हवेला बाहेरची वाट सापडेपर्यंत.
लोणकरांच्या पाटीच्या वेळी थांबले नव्हते.
त्यांच्या 'ण'च्या पोटात अजून बुडबुडा आहे.
आठशे वीस, दहा मिनिटं.
पुढे साडेपाचशेवर तासभर, आणि मग
झाकणाला हात नाही. चहा करा, अंगण झाडा,
हात नाही.

सकाळी काच अखंड.
मोबाइलचा पांढरा पडदा खाली, भाच्याचा गॉगल वर,
गॉगल फिरवला,
तुकड्याभोवती उजेडाचं कडं.
म्हणजे आत ओढाताण आहे, नुसती बोलत नाहीये.
अकराव्या दिवशी दुपारी डाळ निवडत होते,
फळीवरून आवाज आला: टक्.
भेगेच्या कडेवरून बोट फिरवलं. धार होती.
कड गोल असती तर चढताना फुटली.
धार म्हणजे उतरल्यावर.

मग बांगड्यांना बांगड्यांबरोबरच ठेवलं,
सातशे साठवर, तावदान नाही, दुसरं कुणी नाही.
लाल होत्या त्या पाण्यासारख्या निघाल्या,
रंग नुसता वरून दिलेला, जळाला.
सोनेरी नक्षीचा काळा धूर झाला.
मूळचा हिरवा तेवढा हिरवा राहिला.
हातभर चौकट केली,
ती चकती तांब्याच्या तारेनं मध्ये टांगली,
चारी बाजूंनी बोटभर मोकळी,
आमच्याकडचा मे महिना सेहेचाळीसला जातो म्हणून.

माय स्वतः आली पाहायला.
चष्मा पुसला, पाहिलं.
"हे माह्यं नोहे."
कल्पनानं माझ्याकडे पाहिलं. मी तारेकडे.
रंग का गेला ते सांगायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात माय वाकली,
हिरव्या जागेवर सुजलेलं बोट टेकवलं,
"थांब. हे आर्वीच्या बजारातलं.
कासार दोन रुपये जास्त मांगत होता, मी देल्ले नाई."
बराच वेळ तिनं बोट काढलं नाही.
मग म्हणाली, "फट काहून ठेवली मधात?"

वाऱ्यासाठी, मी म्हटलं.
तापल्यावर जागा लागते, असं म्हणायचं होतं.
तिनं मान हलवली, पैसे विचारले,
आणि दोन रुपये कमी दिले.